अँबेसेडर मार्क थ्री तापली की बंद पडते. वेपर लॉक, की करंटचा घोळ?

तापीकाठ (चोपडा)
सोमवार, रात्री ९.४०

राम राम मंडळी.

गाडी वडिलांची. १९७६ ची अँबेसेडर मार्क थ्री, पेट्रोल, १४८९ सीसीचं मूळ इंजिन. डिझेल बसवून घ्या म्हणून लोक आबांच्या मागे वर्षानुवर्षं लागले होते, त्यांनी कुणाचं ऐकलं नाही. ते गेल्यावर चार वर्षं ती खळ्यातल्या पत्र्याखाली उभी होती. यंदा होळीनंतर बाहेर काढली. टाकी धुतली, बॅटरी नवी घेतली, प्लग आणि पॉइंट (कॉइलचा करंट जोडणारे-तोडणारे संपर्क) नवे टाकले, ब्रेकचं सगळं काम करून घेतलं.

सकाळी गार असताना पहिल्या सेल्फला चालू होते. वीस-पंचवीस मिनिटं चालली की आधी हुकायला लागते, मग झटके देते, मग बंद. सेल्फ जोरात फिरतो, इंजिन पकडत नाही. अर्धा-पाऊण तास सावलीत उभी ठेवली की काही झालंच नव्हतं अशी चालू होते.

इथल्या मिस्त्रीचं म्हणणं वेपर लॉक, म्हणजे उष्णतेने नळीतच पेट्रोलची वाफ होते. पेट्रोल पंपाचा डायफ्रॅम बदलला, कार्बोरेटर दोनदा साफ केला, पेट्रोलच्या नळीवर ओलं फडकं गुंडाळून पाहिलं. फरक शून्य. साडेतीन हजार गेले.

आखाजीला (अक्षय्य तृतीयेला) बारा दिवस राहिलेत. आत्याला धरणगावहून माहेरी आणायचं आहे. आबा दर आखाजीला तिला याच गाडीतून आणायचे. ती आता ७८ वर्षांची आहे. भर उन्हात तापीच्या पुलावर गाडी बंद पडली तर तिला घेऊन उभं कुठे राहू? म्हणून विचारतोय. मल्टिमीटर घरात आहे, वापरता जेमतेम येतो.

केळीवाला (रावेर)
सोमवार, रात्री १०.०५

भाऊ, वेपर लॉकच आहे. इकडे पारा ४४ वर गेलाय, बॉनेटखाली काय होत असेल विचार करा. त्यात आता पेट्रोलमध्ये इथेनॉल, त्याने पेट्रोल लवकर उडतं. आमच्या काकांच्या जुन्या जीपला हाच त्रास होता. इलेक्ट्रिक पंप टाकीजवळ बसवला आणि कटकट मिटली. फडक्याबिडक्यात वेळ घालवू नका.

पांझराकाठ (धुळे)
सोमवार, रात्री १०.३०

गार असताना चालते, तापली की मरते, पुन्हा गार झाली की चालते. माझा पहिला संशय पॉइंटला जोडलेल्या कंडेन्सरवर. पॉइंट नवे टाकले तेव्हा कंडेन्सरही नवाच टाकला असेल ना? हल्ली मिळणाऱ्या नव्या कंडेन्सरपेक्षा जुना काढलेला बरा, असं मी अनुभवाने म्हणतो. जुना फेकला नसेल तर तोच परत लावून बघा. दुसरा संशय ठिणगीसाठी व्होल्टेज वाढवणाऱ्या कॉइलवर. बंद पडल्यावर कॉइलला हात लावून पाहा, हात ठेववत नाही इतकी तापते का?

वायरमन_भुसावळ
मंगळवार, सकाळी ६.१५

सामान बदलण्याआधी एकच गोष्ट ठरवा: बंद पडते त्या क्षणी इंजिनला काय मिळत नाही? पेट्रोल की ठिणगी? हे घरी गार गाडीवर कळणार नाही. गाडी मेलेली असतानाच, रस्त्याच्या कडेला, दहा मिनिटांत पाहावं लागेल. सोबत एक माणूस घ्या.

आधी ठिणगी. डिस्ट्रिब्युटरच्या (प्लगांना ठिणगी वाटणाऱ्या भागाच्या) टोपणातली मधली जाड वायर काढा. इन्सुलेशनच्या पकडीत धरून तिचं टोक ब्लॉकपासून पाच-सहा मिलिमीटरवर ठेवा आणि सोबत्याला सेल्फ मारायला सांगा. निळी, जाड, चटचट आवाज करणारी ठिणगी आली तर करंट ठीक. पिवळी, बारीक, मध्येच चुकणारी आली तर दोष इग्निशनमध्ये.

मग पेट्रोल. कॉइलची बारीक वायर काढून ठेवा, म्हणजे ठिणगी पडणारच नाही. पेट्रोल उघड्यावर येणार आहे, हे विसरू नका. कार्बोरेटरकडची नळी सोडून बाटलीत धरा, सेल्फ मारा. पंपाच्या प्रत्येक ठोक्याला पिचकारी यायला हवी. नुसते बुडबुडे आले तर रावेरचे भाऊ बरोबर.

आणखी एक विचारतो. बॅटरीची कुठली बाजू बॉडीला आहे? जुन्या ब्रिटिश वायरिंगमध्ये पॉझिटिव्ह बॉडीला असायची, आणि ही गाडी मुळात मॉरिस ऑक्सफर्डची लेक. मीटर लावण्याआधी ते पाहून घ्या.

तापीकाठ (चोपडा)
मंगळवार, रात्री ८.५०

काका, सांगितलं तसंच केलं. संध्याकाळी पाच वाजता अडावदच्या रस्त्याला लागलो, सोबत मेहुणा. अडावदच्या अलीकडे हुकायला लागली आणि कडुलिंबाखाली बंद पडली.

ठिणगी आली, पण पिवळी, केसासारखी बारीक. पाच मिलिमीटरवर ठेवली तर तीनदा येई, दोनदा चुके. वायर दोन मिलिमीटरवर आणली तेव्हा कुठे नियमित आली. पेट्रोल मात्र पिचकारीने येतंय, बाटली भराभर भरली, बुडबुडे नाहीत.

कॉइल गरम होती, पण हात ठेववत होता. जुना कंडेन्सर आबांच्या पत्र्याच्या डब्यात सापडला, तो लावून परतीला निघालो. वाटेतच पुन्हा तीच गत. म्हणजे कंडेन्सर नाही.

बॅटरीची निगेटिव्ह बॉडीला आहे.

केळीवाला (रावेर)
मंगळवार, रात्री ९.२०

पेट्रोल पिचकारीने येतंय म्हणजे माझं चुकलं. मग कॉइलच बदलून टाका ना.

वायरमन_भुसावळ
बुधवार, सकाळी ५.५०

कॉइल बदलू नका अजून. कॉइलला खायला पुरेसं मिळतंय का ते आधी पाहू. उपाशी कॉइल बदलून दुसरी उपाशी कॉइल बसवली तर ठिणगी पिवळीच येणार.

इथे जवळजवळ सगळे एकच चूक करतात. मीही नोकरीच्या सुरुवातीला केली होती आणि साहेबांनी तीन दिवस तेच शिकवलं होतं. मीटर कॉइलच्या पॉझिटिव्हला लावतात, चावी फिरवतात, १२ व्होल्ट दिसतात आणि म्हणतात वायरिंग छान आहे. पॉइंट त्या वेळी उघडे असतील तर त्या वायरमधून करंट वाहतच नसतो. वायरचा एकच तंतू शाबूत असला, सगळा जोड गंजून हिरवा झाला असला, तरी मीटर १२ दाखवेल. मीटरला करंट लागतोच किती? वायरची खरी परीक्षा तिच्यातून करंट वाहताना होते.

तेव्हा असं कर. (तू म्हणतो, माझा मुलगा तुझ्याच वयाचा असावा.) टोपण आणि रोटर काढ. चावी बंद ठेवून, टॉप गिअरला गाडी थोडी थोडी ढकलून पॉइंट पूर्ण मिटतील असं आण. आता चावी चालू. मीटरची काळी वायर बॅटरीच्या निगेटिव्ह टर्मिनलवर, बॉडीवर नको. लाल वायर आधी बॅटरीच्या पॉझिटिव्हवर, मग कॉइलच्या पॉझिटिव्हवर, मग कॉइलच्या निगेटिव्हवर. तिन्ही आकडे लिहून घे. अर्ध्या मिनिटात आटप आणि चावी बंद कर, पॉइंट मिटलेले असताना चावी चालू राहिली तर कॉइल भाजते.

बॅटरी आणि कॉइलचा पॉझिटिव्ह यांत अर्ध्या व्होल्टच्या आत फरक असावा. कॉइलच्या निगेटिव्हवर पाव व्होल्टपेक्षा जास्त दिसलं तर पॉइंट, आतली वायर किंवा डिस्ट्रिब्युटरची अर्थिंग खराब.

चावी बंद करून, वायरी सोडून कॉइलच्या दोन बारीक टोकांतला ओहमही मोज. साध्या १२ व्होल्टच्या कॉइलला तीनच्या आसपास यावा.

केळीवाला (रावेर)
बुधवार, सकाळी ७.३०

काका, हे तर आमच्या ठिबकसारखं झालं! व्हॉल्व्ह बंद असला की चोंदलेल्या नळीच्या शेवटच्या टोकालाही प्रेशर गेजवर पूर्ण आकडा दिसतो. व्हॉल्व्ह उघडून पाणी धावायला लागलं की मग कळतं शेवटच्या केळीपर्यंत काय पोचतंय. फिल्टर कुठे चोंदलाय ते पाणी चालू ठेवूनच शोधतो आम्ही.

वायरमन_भुसावळ
बुधवार, सकाळी ७.४५

अगदी तेच. माझ्यापेक्षा सोपं सांगितलंत.

गिरणाकाठ (भडगाव)
बुधवार, दुपारी २.१०

तापीकाठ दादा, मीटर लावाल तेव्हा डिस्ट्रिब्युटरच्या आत जाणारी बारीक वायर नक्की बघा. माझ्या सासऱ्यांची अँबेसेडर मीच चालवते. तीन वर्षांपूर्वी तिनं आम्हाला महिनाभर रडवलं होतं. उभी असताना इंजिन झकास, रेस दिली की हुकायची. घाटात चढावर बरी चालायची आणि सपाट रस्त्यावर मध्येच मरायची, उलटंच सगळं.

निघालं काय, तर बाहेरच्या टोकापासून पॉइंटपर्यंत जाणारी दीड-दोन इंचांची वायर. वरचं कापडी आवरण शाबूत, आतली तार तुटलेली. व्हॅक्यूमनं (इंजिनच्या हवेच्या ओढीनं) पॉइंटची प्लेट फिरली की तुटलेली टोकं लांब व्हायची, प्लेट परत आली की चिकटायची. चढावर अ‍ॅक्सिलरेटर दाबलेला असतो, व्हॅक्यूम कमी, म्हणून तिथे चालायची! वायर चिमटीत धरून ओढली तेव्हा ती रबरासारखी लांबली. शाबूत तार लांबत नाही, त्यावरून कळलं.

नवी घालताना घरगुती वायरचा तुकडा घालू नका. खूप बारीक तंतूंची, मऊ वायर लागते, ती दिवसभर वाकत असते. प्लेटला बॉडीशी जोडणारी छोटी विणलेली अर्थ वायरही तशीच तुटते.

तापीकाठ (चोपडा)
बुधवार, रात्री ९.१५

आकडे लिहितो.

पॉइंट उघडे: बॅटरी १२.५, कॉइल पॉझिटिव्ह १२.५.
पॉइंट मिटलेले, इंजिन गार: बॅटरी १२.४, कॉइल पॉझिटिव्ह ९.६, कॉइल निगेटिव्ह ०.१.
कॉइलचा ओहम ३.२.

ताई, आतली वायर ओढून पाहिली, लांबत नाही. निगेटिव्हला ०.१ आहे म्हणजे ती बाजू ठीक समजायची ना?

काका, उघड्या पॉइंटला १२.५ आणि मिटल्यावर ९.६ हे पाहून मी दोनदा परत मोजलं. तुम्ही सांगितलं नसतं तर पहिला आकडा पाहून मी वायरिंगचा नाद सोडला असता.

वायरमन_भुसावळ
गुरुवार, सकाळी ५.४०

चोर सापडला, घर सापडायचं बाकी. कॉइलपर्यंत पोचताना जवळपास तीन व्होल्ट वाटेत कुठेतरी गळतायत. पॉइंट, कॉइल, डिस्ट्रिब्युटर सगळे निर्दोष.

हिशोब कर. कॉइल ३.२ ओहम, तिच्यावर ९.६ व्होल्ट, म्हणजे ३ अँपिअर वाहतात. गळती २.८ व्होल्ट, म्हणजे वाटेत जवळजवळ ०.९ ओहमचा अडथळा आहे. ओहममीटर लावून शोधला असतास तर ‘एकापेक्षा कमी आहे, ठीक’ म्हणून सोडून दिलं असतंस. पण ३ अँपिअर वाहताना त्या एका जागी आठ वॉटच्या वर उष्णता तयार होते. ती जागा तापते, तापली की संपर्क अजून ढिला होतो, अडथळा वाढतो. म्हणून वीस मिनिटांनी मरते आणि गार झाली की जगते. उन्हाचा हात आहे, पण पेट्रोलवर नाही. कॉइलचं तांबंही तापल्यावर करंट कमी घेतं, तेही त्यात भर घालतं.

आता वाटेवरचा एकेक मुक्काम मोज, पॉइंट मिटलेले ठेवूनच. जुन्या ब्रिटिश पद्धतीत तपकिरी वायर म्हणजे बॅटरीकडून थेट आलेली, पांढरी म्हणजे चावीनंतरची, काळी म्हणजे अर्थ. आधी चावीच्या स्विचची तपकिरी, मग त्याच स्विचची पांढरी, मग कॉइलची पांढरी. ज्या दोन मुक्कामांच्या मध्ये आकडा पडेल तिथे दोष.

एक काळजी घे. या गाडीत तपकिरी वायरला फ्यूज नाही, आणि चावीपासून कॉइलला जाणाऱ्या पांढरीलाही नाही. डॅशबोर्डखाली पान्हा-स्क्रू ड्रायव्हर घालशील तेव्हा आधी बॅटरीची अर्थ काढ, जागा मोकळी कर, मग परत जोडून मोज. तपकिरी वायर बॉडीला टेकली तर धूर यायला दोन सेकंद पुरतात.

शिवाय एक रस्त्यावरची परीक्षा. कॉइलच्या पॉझिटिव्हवरून एक लांब वायर केबिनमध्ये आण, पाच वॉटचा बल्ब लाव, दुसरं टोक अर्थ. गाडी मरताना बल्बकडे बघ.

पांझराकाठ (धुळे)
गुरुवार, सकाळी ९.००

कंडेन्सरचा हट्ट मी सोडतो. काका, बल्बची युक्ती आम्हीही वापरतो, पण टेपने स्टिअरिंगजवळ चिकटवा म्हणजे रस्त्यावरून नजर हटणार नाही.

तापीकाठ (चोपडा)
गुरुवार, रात्री १०.२०

आज बरंच काही झालं, सावकाश लिहितो.

आधी बल्ब. दुपारी तीनला, मुद्दाम उन्हात, काढली. चोपड्यातून निघताना बल्ब पिवळाधमक. पंधरा मिनिटांनी हुकायला लागली तेव्हा तो नारिंगी झाला होता. मरताना विडीच्या टोकासारखा लाल झाला आणि विझला. इंजिन बंद पडल्यावर दोन मिनिटांनी थोडा पेटला, पुन्हा गेला. त्याच वेळी डॅशबोर्डवरचा चार्जिंगचा लाल दिवा पूर्ण उजेडात होता! म्हणजे चावीपर्यंत करंट येतोय, कॉइलपर्यंत जात नाही.

घरी येऊन मोजलं. चावीची तपकिरी १२.३. चावीची पांढरी १२.२. कॉइलची पांढरी ८.१, गाडी गरम होती म्हणून कालच्यापेक्षा कमी. चार व्होल्ट त्या एका पांढऱ्या वायरमध्ये.

बॅटरी सोडून डॅशबोर्डखाली डोकं घातलं. टॉर्च दातात धरून. पांढरी वायर स्विचपासून वीतभर आली आहे आणि तिथे कापलेली आहे. तिला घरात भिंतीत घालतात तशी लाल वायर पिळून जोडली आहे, वर काळी टेप. टेप इतकी जुनी की बोट लावलं तर डिंक हाताला आला. तिथून दोन लाल वायरी एकत्र खाली उतरतात, उजव्या बाजूने फ्लोअरच्या मॅटखाली जातात. दुसरी लाल परत वर येऊन कॉइलकडे जाणाऱ्या पांढऱ्या वायरला जोडली आहे, तशीच पिळून. म्हणजे करंट चावीतून निघून खाली कुठेतरी फिरून मग कॉइलला जातो. कुठे, ते कळत नाही. मॅट डांबराने चिकटवल्यासारखी बसली आहे, ड्रायव्हर सीटचे बोल्ट गंजलेत.

हे कुणी केलं? का केलं? मिस्त्रीला विचारलं, तो म्हणतो आपल्याला माहीत नाही, गाडी आली तेव्हापासून असंच असेल.

केळीवाला (रावेर)
गुरुवार, रात्री १०.३५

दोन्ही लाल वायरी कापा, पांढरीला पांढरी जोडा, संपलं!

सातपुडा (शहादा)
गुरुवार, रात्री १०.५०

थांबा, कापू नका. तो चोर स्विच आहे. आमच्याकडे जीपला, अँबेसेडरला, फियाटला, सगळ्यांना असायचा. या गाड्यांची चावी कशानेही फिरायची, दुसऱ्या गाडीची चावीसुद्धा लागायची. म्हणून लोक कॉइलच्या वायरमध्ये एक बटण लपवून बसवायचे. आमच्या जीपचा बॅटरीच्या पेटीमागे होता. लग्नाला, बाजाराला गेलं की बटण बंद करायचं, चोर सेल्फ मारून मारून थकायचा. चार वर्षं कुणी हात लावला नाही म्हणजे आत गंज चढला असणार. घरातल्या कुणाला तरी माहीत असेलच, विचारा.

तापीकाठ (चोपडा)
शुक्रवार, दुपारी १.३०

आईला विचारलं, तिला माहीत नाही. ती मागच्या सीटवर बसायची. मोठ्या भावाला फोन केला, तोही नाही म्हणाला. आबांनी आम्हा दोघांना गाडी शिकवली, पण हे सांगितलं नाही.

मग आत्याला फोन लावला. आखाजीला कोणत्या दिवशी यायचं ते ठरवायचं होतं, म्हटलं सहज विचारू. ती लगेच म्हणाली, “तुना बाप गाडीम्हा बसना का पहिले सीटना खाले हात घाले, मंग चावी लावे.” तिला वाटायचं भाऊ देवाचं नाव घेऊन गाडीला हात लावतो.

फोन ठेवला आणि सरळ जाऊन ड्रायव्हर सीटवर बसलो. उजवा हात खाली घातला, सीटच्या पुढच्या पट्टीच्या आतल्या बाजूला. बोटांना काहीच लागलं नाही. मग आठवलं, आबा माझ्यापेक्षा चार बोटं बुटके, सीट पुढे ओढून बसायचे. सीट पूर्ण पुढे घेतली आणि परत हात घातला. लागला.

सीट सोडवून बाहेर काढला. काळ्या बेकेलाइटचा टॉगल स्विच, घरगुती, पत्र्याची पट्टी वाकवून त्यावर दोन स्क्रूने बसवलेला. आबांनी स्वतः केलेला, कारण पट्टी आमच्या जुन्या धान्याच्या कोठीच्या पत्र्याची आहे, तोच हिरवा रंग. दांडीचं टोक झिजून गुळगुळीत झालंय. मागे पितळेच्या दोन स्क्रूंवर हिरवट पांढरी बुरशी, एका स्क्रूखालची लाल वायर काळी पडून तिचं आवरण वितळून आखडलंय. तिथे नख लावलं तर तारेचे तंतू भुग्यासारखे पडले. सहा-सातच शाबूत होते.

दांडी दहा-बारा वेळा वरखाली केली आणि मोजलं. गळती २.८ वरून १.४ वर आली. स्विच बाजूला काढून दोन लाल वायरी थेट एकमेकींना जोडल्या, ०.५. शेवटी पांढरीपासून पांढरीपर्यंत नवी वायर धरून पाहिली, ०.२.

गिरणाकाठ (भडगाव)
शुक्रवार, दुपारी २.००

दादा, वाचताना अंगावर काटा आला. तो स्विच फेकू नका हं.

पांझराकाठ (धुळे)
शुक्रवार, दुपारी ३.१५

स्विच जपून कपाटात ठेवा, पण गाडीत नको. इग्निशनच्या वाटेवर जितके जोड कमी तितकं बरं. चोरीची भीती असेल तर बॅटरीच्या अर्थला फिरकीचा कटआउट बसवा. चार वर्षं उभी राहणाऱ्या गाडीला तोही उपयोगी, बॅटरी उतरत नाही.

वायरमन_भुसावळ
शुक्रवार, संध्याकाळी ६.३०

शाब्बास. मुक्कामामुक्कामाने गेलास म्हणून सापडलं.

पांझराकाठ म्हणतात ते चुकीचं नाही. पण वडिलांचा स्विच गाडीतच ठेवायचा असेल तर तसंही करता येतं, आणि नीट करता येतं. कॉइलचा ३ अँपिअर करंट त्या स्विचमधून नेऊ नकोस. मध्ये साधी चार टोकांची रिले (थोड्या करंटने मोठा करंट चालू-बंद करणारा स्विच) घाल. ३० नंबरला बॅटरीच्या बाजूने १० अँपिअरचा फ्यूज लावून सप्लाय दे, ८७ वरून कॉइलचा पॉझिटिव्ह. ८५ अर्थ. ८६ ला चावीची पांढरी वायर, पण आबांच्या स्विचमधून फिरून आलेली. रिलेला पाव अँपिअरसुद्धा लागत नाही, तेव्हा स्विच साफ करून बसवलास तर त्याला काही भार नाही. संपर्क पॉलिश पेपरने जोरात घासू नको, पत्ती पातळ होते. जाड कागद घालून ओढ, मग कॉन्टॅक्ट क्लीनर.

वायर गाडीचीच घे, बारीक तंतूंची, कॉइलसाठी दीड स्क्वेअर एमएम. पिळून टेप लावायची पद्धत आता सोड. वायरच्या टोकाला थिंबल (धातूचं टोक) दाबून बसव, वर श्रिंक स्लीव्ह (गरम केल्यावर आवळणारी नळी). पत्र्याच्या भोकातून वायर जाते तिथे रबरी बूच हवंच. आणि काम झाल्यावर पुन्हा पॉइंट मिटवून मोज. न मोजता काम झालं म्हणू नको.

पांझराकाठ (धुळे)
शुक्रवार, संध्याकाळी ७.००

रिले बसवणार असाल तर माझी एक विनंती: डिकीत दोन्ही टोकांना चिमटे असलेली दोन मीटर वायर ठेवा, मध्ये फ्यूज. रिले गेली तर बॅटरीच्या पॉझिटिव्हपासून कॉइलच्या पॉझिटिव्हला जोडून घरी येता येईल. तेव्हा चावीने इंजिन बंद होणार नाही, चिमटा काढूनच बंद करावं लागेल, आणि इंजिन बंद असताना चिमटा लावून ठेवायचा नाही.

तापीकाठ (चोपडा)
मंगळवार, रात्री ९.००

रिले बसवली. वायर, थिंबल, स्लीव्ह, फ्यूजची पेटी सगळं जळगावहून आणलं, सहाशेच्या आत. पिळलेले दोन्ही जोड काढले, पांढरी वायर चावीपासून नवी टाकली. मॅट उचलली तेव्हा खाली उंदरांनी केलेलं कापसाचं घरटं निघालं. एका लाल वायरचं आवरण कुरतडलं होतं, तांबं उघडं. तेही बॉडीला टेकलं असतं तर काय झालं असतं, फ्यूजशिवाय?

पॉइंट मिटवून मोजलं: बॅटरी १२.५, कॉइल १२.३. पॉइंटचं अंतर पंधरा थाऊ (इंचाचे हजारावे भाग), प्लगचं पंचवीस थाऊ करून घेतलं. ठिणगी निळी.

आज दुपारी दोन वाजता यावलपर्यंत नेली आणि परत आणली. मध्ये कुठे थांबलो नाही. बल्ब अजून लावलेला आहे, एकदाही मंदावला नाही. आबांचा स्विच त्याच पट्टीवर, त्याच जागी. सीट मात्र माझ्या मापाने मागे आहे, म्हणून हात जरा वाकडा करावा लागतो.

सातपुडा (शहादा)
मंगळवार, रात्री ९.१०

जमलं भाऊ! आता ही ५० वर्षांची झाली की व्हिंटेज म्हणून नोंदवता येते, २०२१ च्या नियमात आहे. मूळ इंजिन आहे, बदल केलेले नाहीत, तुमचा अर्ज बसेल. नीट चौकशी करा.

तापीकाठ (चोपडा)
आखाजीच्या दुसऱ्या दिवशी, सकाळी ८.००

काल सकाळी सातला निघालो, धरणगावला चहा घेतला, आत्याला घेऊन ऊन चढल्यावर परतलो. पुलावर मुद्दाम गती कमी केली, तिला तापी पाहायची होती. पाणी बरंच खाली गेलंय. गाडी एकदाही हुकली नाही.

तिच्या दारातून निघताना मी चावी लावायला गेलो, तर मागून आवाज आला, “पहिले खाले हात घाल.” मी घातला.

आज घरी खापरावरचे मांडे आहेत. भुसावळच्या काकांना, रावेर, धुळे, भडगाव, शहादा सगळ्यांना आग्रहाचं निमंत्रण.

केळीवाला (रावेर)
आखाजीच्या दुसऱ्या दिवशी, सकाळी ८.२०

येतो! येताना केळीचा घड आणतो. एक विचारायचं राहिलं. माझ्या मेहुण्याची फियाट पद्मिनी आहे, तीही तापली की हुकते. हेच सगळं तिलाही लागू ना?

वायरमन_भुसावळ
आखाजीच्या दुसऱ्या दिवशी, सकाळी ८.४०

पॉइंट आणि कॉइल असलेल्या प्रत्येक गाडीला लागू. फक्त वायरींचे रंग वेगळे असतील, रंगावर जाऊ नका, मुक्काम मोजत जा. पॉइंट मिटलेले, चावी चालू, काळी वायर बॅटरीच्या निगेटिव्हवर. आकडे आले की इथे टाका. आणि मेहुण्याच्या वडिलांनी कुठे बटण बसवलंय का, ते आधी घरात विचारा.